घोड्याचं पोट आणि प्रोबायोटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात वराती सुरू होतात आणि माझा फोन रात्री उशिरापर्यंत वाजू लागतो. घोडी लोळते आहे, लीद पातळ झाली, चंदीला तोंड लावत नाही. गेल्या काही वर्षांत या फोनांच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, प्रोबायोटिक देऊ का?" महाल, इतवारी, कामठी, हिंगण्याकडचे घोडेवाले, रायडिंग शिकवणारी मुलं, हौसेनं घरी एखादी घोडी ठेवणारी माणसं, अशा अनेकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर 5, 6 आणि 15 एवढे तरी वाचा. घोडी आत्ता लोळत असेल तर सरळ 15 वर जा.

1. प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय? औषध आहे की टॉनिक?

दोन्ही नाही. पुरेशा संख्येनं पोटात गेल्यावर प्रकृतीला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली ही व्याख्या केली. त्यातले तीन शब्द लक्षात ठेवा: जिवंत, पुरेशा, उपयोगी. डब्यातले जंतू मेलेले असतील, मोजकेच असतील किंवा घोड्याच्या कामाचे नसतील, तर ती नुसती महागडी पूड. बाजारात मिळतं ते दोन गटांतलं: यीस्ट, आणि लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस, बॅसिलस यांसारखे जिवाणू. त्यांच्यातला फरक प्रश्न 4 मध्ये आहे.

2. गाय रवंथ करते म्हणून तिच्या पोटात जंतू लागतात. घोड्याला कशाला?

घोड्यालाही तितकेच लागतात, फक्त त्याची भट्टी मागच्या बाजूला आहे. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यापुढे 20 मीटरच्या आसपास लांबीचं लहान आतडं, आणि मग खरा कारखाना: 25 ते 30 लिटरचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि त्याला जोडलेलं प्रचंड मोठं आतडं. हे सगळं मिळून शंभर लिटरच्या वर जातं. तिथे जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी कडब्यातला तंतू कुजवतात आणि त्यातून निघणारी मेदाम्लं रक्तात जातात. वैरणीवर जगणाऱ्या घोड्याची निम्म्याहून जास्त ताकद इथूनच येते.

हे कानानं ऐकता येतं. घोडीच्या उजव्या कुशीला, बरगड्या संपतात तिथे वरच्या बाजूला कान लावून उभे राहा. मिनिटाला एक-दोनदा, नळातून पाणी घरंगळत जावं तसा लांबलचक आवाज येतो. तो अंधांत्राचा. आपल्या घोडीचा हा आवाज चांगल्या दिवशी ऐकून ठेवा, म्हणजे वाईट दिवशी फरक कळेल.

भट्टी मागे असल्यामुळे दोन गोष्टी घडतात. तोंडावाटे दिलेल्या जंतूंना आधी जठरातलं आम्ल, मग लहान आतड्यातले पाचकरस पार करावे लागतात, तेव्हा कुठे ते कामाच्या जागी पोहोचतात. आणि लहान आतड्यात पचला नाही तो सगळा दाणा याच भट्टीत जाऊन पडतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं गेलेलं बाहेर यायला वरून वाट नाही.

3. मग फायदा होतो की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

निरोगी, पोटभर वैरण खाणाऱ्या घोड्याला फारसा नाही. काही ठरावीक परिस्थितीत थोडा, तोही मुख्यतः यीस्टचा. शिंगरांत तर उलटा परिणामही दिसला आहे.

आता जरा सविस्तर, कारण विकणारे "परदेशात सिद्ध झालंय" असं सांगतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टवर बरेच प्रयोग झाले. काहींत तंतूचं पचन थोडं सुधारलं, आणि दाणा जास्त असताना मोठ्या आतड्यात आम्ल वाढणं काहीसं आटोक्यात राहिलं. काहींत काहीच फरक पडला नाही. युरोपीय संघात घोड्यांच्या खाद्यात काही विशिष्ट यीस्टना मान्यता आहे, ती याच आधारावर. सॅकरोमायसिस बोलार्डी हे त्याचं भावंड. तीव्र हगवण लागलेल्या मोजक्या घोड्यांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे हगवण लवकर थांबली, पण अँटिबायोटिकमुळे हगवण लागलेल्या घोड्यांवरच्या 2013 च्या अभ्यासात देणाऱ्या आणि न देणाऱ्या गटांत ठळक फरक आढळला नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साल्मोनेला हा हगवण लावणारा जिवाणू लिदेतून बाहेर पडू नये म्हणून जिवाणूंचं मिश्रण देऊन पाहिलं, तेही कामाला आलं नाही.

निकाल असे उलटसुलट येण्याचं कारण साधं आहे. दर अभ्यासात जंतू वेगळा, मात्रा वेगळी आणि घोडे थोडे. त्यामुळे "प्रोबायोटिक चांगलं का" हा प्रश्न "औषध चांगलं का" इतकाच मोघम आहे. कोणतं, किती आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

4. यीस्ट घ्यावं की जिवाणूवालं?

घ्यायचंच असेल तर मोठ्या घोड्यासाठी मी जिवंत यीस्ट सांगते. त्यामागे निदान थोडा पुरावा आहे आणि अपाय क्वचित. यीस्ट आतड्यात घर करत नाही. जाता जाता तिथल्या तंतू कुजवणाऱ्या जंतूंना हात देतं, असं समजा. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात. ज्या घोड्याच्या मोठ्या आतड्यात जास्त दाण्यामुळे आधीच तेच आम्ल साठलं आहे, त्याला आणखी लॅक्टोबॅसिलस देण्यात मला अर्थ दिसत नाही.

डब्यावर "यीस्ट कल्चर" किंवा "यीस्ट अर्क" असेल तर त्यात जिवंत यीस्ट फार थोडं असतं किंवा नसतंच. ती वेगळी वस्तू आहे.

5. घोडी वरातीला जाते. रात्री एक-दीडला परत येते, तेव्हा भिजवलेला चणा पोटभर देतो. सकाळी लीद पातळ, कधी पोट फुगतं. कोणतं प्रोबायोटिक देऊ?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर डब्यात नाही, तोबऱ्यात आहे.

मागच्या हंगामात महालात एका घरी रात्री दोनला गेले होते. पाठीवरची झूल अजून उतरवलेली नव्हती. घोडी पुढच्या पायानं फरशी खरवडत होती, मान वळवून कुशीकडे बघत होती. तोबऱ्याच्या तळाशी फुगलेला चणा उरला होता. मालकानं हातानं दाखवलं तो अंदाज दोन किलोंच्या वरचा होता. बाजूला स्टीलच्या गंजात दही. "दही दिलं मॅडम, तरी थांबत नाही," तो काकुळतीला येऊन म्हणाला. घोडीवर त्याचा जीव होता, हयगय अजिबात नव्हती. दुपारी चारला शेवटची वैरण, मग सजावट, मग पाच तास बँडपुढे उभं राहणं, आणि दमून आली म्हणून भरघोस चणा. त्यानं प्रेमानंच केलं होतं सगळं. नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, वेदनाशामक दिलं, सकाळी घोडी उभी राहिली. सगळ्याच राहत नाहीत.

आत काय होतं ते बघा. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे 16-18 तास थोडं थोडं चरतो, त्याच्या पोटाची घडणच तशी आहे. इथे आठ-नऊ तासांचा उपास पडतो आणि मग एकदम स्टार्चचा लोंढा येतो. लहान आतड्याला तो पेलत नाही, उरलेला मोठ्या आतड्यात जातो. तिथे स्टार्च खाणारे जंतू फोफावतात, लॅक्टिक आम्ल वाढतं, तंतू कुजवणारे जंतू मरतात, वायू धरतो. मेलेल्या जंतूंतलं विष रक्तात गेलं तर खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येते. लॅमिनायटिस म्हणतात तो हाच आजार. त्यात घोडी कायमची लंगडी होऊ शकते. एवढ्या आगीवर चमचाभर पूड काय करणार?

मी सांगते ते असं. निघण्याआधी सजावट चालू असतानाच समोर कडबा टाका. वरात जमायला तास-दीड तास सहज जातो, तेवढा वेळ जाळीत भरलेली सुकी वैरण सोबत ठेवा. बादली आणि पाणी गाडीत असू द्या. परत आल्यावर आधी पाणी, मग कडबा, आणि चंदी तासाभरानं, प्रश्न 6 मधल्या मापानंच. वऱ्हाडी मंडळी पेढे, बुंदी, नान, काय वाटेल ते भरवतात. नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर तोंडाला मुसकं बांधा, कोणी रागावत नाही. फक्त पाणी पाजताना आणि वैरण देताना ते काढा. त्या घोडीला हे वेळापत्रक लावल्यावर त्या हंगामात मला पुन्हा जावं लागलं नाही, आणि प्रोबायोटिक तिला एकदाही दिलं नव्हतं.

6. एका वेळी दाणा किती चालतो? आमच्याकडे वजनकाटा नाही.

शिवणकामाची टेप चालेल. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. येतं ते अंदाजे किलोतलं वजन. समजा घेर 160 आणि लांबी 145, तर वजन साधारण 312 किलो.

आता एका वेळच्या दाण्यात स्टार्च दर किलो वजनामागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे या घोडीला 312 ग्रॅम स्टार्च. हरभऱ्यात तो 40 टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे एका वेळी 700 ग्रॅमच्या आतच राहा. सातू असेल तर 500 ग्रॅम. आणि हे वजन कोरड्या दाण्याचं आहे! भिजल्यावर हरभरा जवळजवळ दुप्पट भरतो. एकच भांडं दोन्हीला वापरल्यामुळे मापं चुकलेली मी अनेक घरी पाहिली. जास्त द्यायचा असेल तर दिवसातून तीन-चार वेळा वाटून द्या. अख्खा मका आणि गहू टाळलेलेच बरे, त्यांचा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही. पोळ्याही दाण्यातच मोजा.

वैरण मात्र वजनाच्या 2 टक्के हवी, म्हणजे याच घोडीला दिवसाला 6 किलोंच्या वर सुका कडबा किंवा गवत. सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार हा त्यातला थोडा भाग असू द्या, सगळं कुटारावर भागवू नका. नवी वैरण किंवा नवा दाणा सुरू करताना दोन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. आतल्या जंतूंना बदल पेलायला तेवढा वेळ लागतो, आणि या दोन आठवड्यांत यीस्ट द्यायला माझी हरकत नसते.

7. आम्ही पिढ्यानपिढ्या दही-ताक पाजतो. तेही प्रोबायोटिकच ना?

ताकात जिवंत जिवाणू असतात, खरं आहे. पण ते घोड्याच्या मोठ्या आतड्यात टिकून काही काम करतात याला आधार नाही. शिवाय मोठ्या घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही. दह्या-ताकात ती कमी असली तरी असते. चंदीत वाटीभर ताक घातल्यानं बिघडत नाही, घोडीला आवडत असेल तर घाला. दोन लिटर दही औषध म्हणून घशात ओतणं थांबवा. हिंग, ओवा, बत्तीसा यांबद्दलही विचारतात: चव म्हणून चिमूटभर ठीक, शूळावर उपाय म्हणून नाही.

8. मेडिकलमधली माणसांची कॅप्सूल किंवा छोटी कुपी चालते का?

अपाय बहुधा नाही, उपयोगही नाही. हिशोब करून बघा. एका कुपीत समजा 2 अब्ज जिवाणू आहेत, म्हणजे 200 कोटी. ऐकायला केवढी मोठी संख्या! पण घोड्याच्या अंधांत्रातल्या एका मिलिलिटर द्रवात एक अब्जाच्या आसपास जिवाणू आधीच आहेत. म्हणजे कुपीभर जंतू तिथल्या दोन चमच्यांइतकेही नाहीत, आणि भट्टी शंभर लिटरची आहे.

9. गुरांचं किंवा कोंबड्यांचं प्रोबायोटिक स्वस्त मिळतं. तेच दिलं तर?

इथे मला कडक बोलावं लागतं. नुसतं जिवंत यीस्ट असेल आणि पुडीवर दुसरं काही नसेल, तर गुरांचं यीस्ट घोड्याला मारक नाही. पण कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यमिश्रणांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. कोंबड्यांना ते रक्ती हगवणीपासून वाचवतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्यानं मरतात. मोनेन्सिनचे दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात आणि त्यावर उतारा नाही. घोडा घामाघूम होतो, डगमगतो, पडतो. कधी आठवड्यांनी, वरातीत चालतानाच कोसळतो.

घटकांची यादी नसलेली सुटी पूड घेऊ नका. ढेप, सुग्रास आणि कोंबडीखाद्य ज्या टोपल्यानं मोजता त्या टोपल्यानं घोड्याची चंदी मोजू नका. हे दुकानदारालाही सांगून ठेवा.

10. डब्यावर काय वाचायचं?

जंतूचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा वाणाचा क्रमांक. नुसतं "उपयुक्त जिवाणू" लिहिलं असेल तर ठेवून द्या. जिवंत पेशींची संख्या किती, आणि ती मुदत संपेपर्यंतची हमी आहे की कारखान्यातून निघतानाची. मुदतीची तारीख. साठवणीचं तापमान. घोड्यासाठी मात्रा लिहिली आहे का. कॅनडात प्राण्यांच्या प्रोबायोटिकची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा बहुतेक डब्यांत लेबलवर लिहिलेलं आणि आतलं जुळलं नव्हतं. कुठे जंतू कमी, कुठे भलतेच. पंधरा जंतूंची लांबलचक यादी पाहून भुलू नका. एकाच यीस्टची स्पष्ट संख्या दिलेला साधा डबा मी पसंत करते.

11. नागपूरच्या उन्हात ते टिकतं का?

मे महिन्यात पारा 45 वर जातो, आणि पत्र्याच्या तबेल्यात त्याहून वर. कोरडं यीस्ट अशा उष्णतेत दिवसेंदिवस मरत जातं. बॅसिलसचे बीजाणू चिवट असतात, ते तगतात. एका ग्राहकाच्या गाडीत समोरच्या काचेखाली डबा महिनाभर पडलेला मी पाहिला, झाकण हाताला चटके देत होतं. उन्हाळ्यात डबा घरात, थंड कोरड्या जागी, माठाजवळ नाही. लहान पॅक घ्या. दुकानात तो कुठे ठेवला होता हे विचारायला संकोच नको.

जिवंत यीस्टची ढोबळ परीक्षा घरी होते. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा, चमचाभर पूड टाका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. फेस धरला तर जीव आहे. काही यीस्टवर लेप असतो, त्याला वेळ जास्त लागतो. आणि गरम कोंड्याच्या पेजेत पूड कालवू नका, तिथेच सगळं मरतं. पेज बोट सोसेल इतकी निवू द्या.

12. किती दिवस द्यायचं? फरक पडला हे कसं कळेल?

दिलेले जंतू आतड्यात कायम राहत नाहीत. बंद केल्यावर थोड्याच दिवसांत निघून जातात. म्हणून उद्देश ठरवून तीन आठवडे द्या आणि लिहून ठेवा. रोज सकाळी लिदेचा फोटो, आठवड्याला टेपनं वजन, उरलेली वैरण. चांगली लीद गोळ्या-गोळ्यांची, जमिनीवर पडल्यावर जेमतेम फुटणारी असते. या काळात दुसरं काही बदलू नका, नाहीतर गुण कशाचा हे कळणार नाही. तीन आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर पैसे वैरणीवर घाला.

आणि सुरू करण्याआधी दात आणि जंत बघून घ्या. लिदेत अख्खे दाणे दिसतात किंवा घोडी चघळलेल्या कडब्याचे बोळे खाली टाकते, तर दातांना धार आली आहे. हाडकुळी घोडी आणि अधूनमधून पातळ लीद असेल तर जंत. लिदेची तपासणी करून घ्या. 1958 पासून सेमिनरी हिल्सवर आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. या दोन कारणांवर प्रोबायोटिक देणं म्हणजे पत्रा गळतो आणि आपण फरशी पुसतो.

13. प्रीबायोटिक वेगळं असतं का?

हो. ते जंतू नाहीत, जंतूंचं खाणं आहे. थोड्या मात्रेत बरं. फ्रुक्टोजच्या साखळ्यांचा प्रकार भरमसाट दिला तर प्रयोगात घोड्यांना लॅमिनायटिस झालेला आहे, तेव्हा "नैसर्गिक आहे" म्हणून मनानं मात्रा वाढवू नका. घोड्याचं सगळ्यात स्वस्त प्रीबायोटिक कडबाच.

14. अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे. सोबत देऊ का?

यीस्ट देता येतं, कारण ती बुरशी आहे. जिवाणूंवरचं औषध तिला मारत नाही. जिवाणूवालं दिलं तर अँटिबायोटिकपासून काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं असं होईल. हगवण नक्की टळेल असं वचन मात्र कोणी देऊ शकत नाही, प्रश्न 3 मधला 2013 चा अभ्यास आठवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसांचं किंवा गुरांचं अँटिबायोटिक मनानं देऊ नका. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन घोड्यांत जीवघेणी हगवण लावतात. कोर्समध्ये लीद पाण्यासारखी झाली तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

15. घोडी लोळते आहे, पोट दुखतंय. डॉक्टर येईपर्यंत प्रोबायोटिक पाजू का?

नाही. तोंडावाटे काहीच नाही. ना पेस्ट, ना तेल, ना ताक. चंदी आणि वैरण काढून घ्या. बांबूच्या नळकांड्यानं पाजताना द्रव फुप्फुसात गेला तर शूळातून वाचलेली घोडी न्यूमोनियानं जाते. जठर आधीच फुगलेलं असेल तर वरून ओतलेल्यानं ते फुटू शकतं.

फोनवर मला पुढचं सांगा. नाडी: जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून मिनिटभर मोजा, शांत घोड्याची 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली तर गंभीर. हिरड्या गुलाबी आहेत, की पांढऱ्या, की विटकरी-जांभळ्या. शेवटची लीद कधी पडली. कुशीतला आवाज आहे की नाही, प्रश्न 2 मध्ये सांगितला तो. शेवटचं काय आणि किती खाल्लं. रागावणार नाही, खरं सांगा. घोडी शांत उभी असेल तर उभी राहू द्या, लोळून जखमी होत असेल तर सावकाश चालवा, पण दमेस्तोवर फिरवू नका. शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं नको.

16. दहा दिवसांच्या शिंगराला हगवण लागली आहे. बाळाला तरी प्रोबायोटिक द्यायलाच हवं ना?

बाळालाच नको. 2005 साली कॅनडात दीडशेहून अधिक नवजात शिंगरांवर अभ्यास झाला. घोड्याच्याच आतड्यातून निवडलेला लॅक्टोबॅसिलस त्यांना दिला होता, म्हणजे हेतू अगदी चांगला. तरी ज्यांना तो दिला त्यांच्यात हगवण आणि डॉक्टरांची गरज जास्त निघाली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अनेक जंतूंचं मिश्रण दिलं, तिथेही फायदा दिसला नाही. "काही नाही तरी अपाय तर नाही" हे वाक्य शिंगराच्या बाबतीत खोटं आहे.

पाच ते पंधरा दिवसांच्या वयात शिंगराला हलकी पातळ लीद होते, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. शिंगरू उड्या मारतंय, आईला लुचतंय, ताप नाही, तर शेपटीखालचा भाग कोमट पाण्यानं धुवा, थोडं व्हॅसलिन लावा आणि लक्ष ठेवा. लुचणं सोडलं, आईचे सड दुधानं ताठ दिसतात, लिदेत रक्त आहे किंवा अंग गरम लागतंय, तर सकाळची वाट बघू नका.

17. जठरातल्या अल्सरवर उपयोग होतो का?

नाही. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोट रिकामं राहिलं की ते अस्तर खातं. त्यावर डॉक्टरांच्या मात्रेनं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल, आणि पोट रिकामं न ठेवणं. कामाआधी थोडी लसूणघास दिली तर तिच्यातला कॅल्शियम आम्ल शमवतो.

18. घोडी जमिनीवरचं खाते, पोटात माती जाते. त्यासाठी प्रोबायोटिक चालतं का?

निरोगी घोड्यांना इसबगोलाबरोबर प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक दिल्यावर लिदेतून वाळू जास्त पडल्याचं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. त्यात इसबगोलाचा वाटा किती आणि जंतूंचा किती, हे त्यावरून वेगळं काढता येत नाही. तपासणी सोपी आहे: जमिनीला न लागलेले लिदेचे सहा गोळे पारदर्शक पिशवीत पाणी घालून कालवा, पिशवी टांगून ठेवा, तळाशी किती माती बसते ते बघा. चमचाभर बसली तर डॉक्टरांशी बोला आणि वैरण गव्हाणीत घाला.

19. पावसाळ्यात कुटाराला बुरशी लागते. प्रोबायोटिक किंवा टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पूड) घालून ते खपवता येईल का?

नाही. बुरशीचं विष प्रोबायोटिकनं जात नाही. बुरसट मक्यातलं फ्युमोनिसिन घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळवतं. घोडा भिंतीला डोकं लावून उभा राहतो आणि एक-दोन दिवसांत जातो. कुबट वास आला, हात घातल्यावर धुरळा उडाला किंवा गठ्ठा आतून गरम लागला तर फेकून द्या. गुरांनाही घालू नका. मृग लागायच्या आत वैरण फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवा.

20. गुरांना दुसऱ्या गुराची रवंथ काढून पाजतात. तशी निरोगी घोड्याची लीद पाण्यात कालवून आजारी घोड्याला द्यावी का?

कल्पना वेडी नाही. मोठ्या रुग्णालयांत चिवट हगवणीवर हा उपचार केला जातो. ताज्या लिदेत डब्यातल्या दोन-चार जातींऐवजी संपूर्ण वस्तीच असते, म्हणून मला त्यात आशा वाटते. पण अजून थोड्याच घोड्यांवर तो पाहिला गेला आहे. आणि देणाऱ्या घोड्याच्या साल्मोनेला आणि जंतांच्या तपासण्या आधी होतात, लीद गाळून कोमट पाण्यात मिसळतात, नळीनं थेट जठरात सोडतात, आम्लाचा बंदोबस्त करतात. घरी बादलीत कालवून पाजल्यास शेजारच्या घोड्याचा रोग आपल्या घोड्याला द्याल, आणि प्रश्न 15 मधला फुप्फुसाचा धोका आहेच.

पहिल्या काही आठवड्यांत शिंगरू आईच्या ताज्या लिदेला तोंड लावतं, ते मात्र करू द्या. घाण वाटते म्हणून लोक त्याला हाकलतात. आईच्या लिदेतून त्याच्या आतड्यात जंतूंची पहिली वस्ती होते. आईला वेळेवर जंतांचं औषध दिलेलं असू द्या आणि शिंगराला तिच्यामागे मोकळं सोडा.